जाहीर इशारा : पाडव्याच्या आत पोलीस ठाण्यात या

पांढऱ्या गाडीचे मालक,

तुमचं नाव आम्हाला ठाऊक आहे, गाडीचा नंबरही. दोन्ही इथे छापलेले नाहीत. नाव सांगायची जागा पोलीस ठाणं आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. तिथे तुम्ही आपल्या पायांनी जावं, यासाठी हा शेवटचा निरोप. गुढीपाडव्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत मुदत आहे. त्यानंतर आम्ही जाणार.

आम्ही म्हणजे रायपूरच्या एका कॉलनीतली अकरा घरं. रोज सकाळी सातच्या सुमारास ज्यांच्या फाटकाशी एक सायकल थांबायची, ती घरं. त्यातली बहुतेक मराठी. कुणाचे पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या काळात इकडे आले, कुणी रेल्वेच्या नोकरीने आलं, कुणी भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या. तुमचं घरही मराठी आहे. तात्यापाऱ्यातल्या लग्नांत, चौबे कॉलनीतल्या गणपतीत आपण एका पंगतीला बसलो आहोत. म्हणून हा इशारा मराठीत लिहिला आहे. एकेक ओळ तुम्हाला नीट कळावी, अशी आमची इच्छा आहे.

घडलं ते

डिसेंबरचा पहिला आठवडा. अजून उजाडायचं होतं. डुमरतराईच्या ठोक मंडीतून माल भरून कका शहराकडे निघाले होते. कका हे त्यांचं नाव नव्हे. छत्तीसगढीत काकाला कका म्हणतात, आणि कॉलनीतली लहान पोरंही त्यांना त्याच नावाने हाक मारतात. वय ४६. कॅरिअरला दोन्ही बाजूंनी पोती, हँडलला लालभाजीच्या जुड्या, मधल्या दांडीला तराजू. ते रस्त्याच्या डाव्या कडेने चालले होते. पचपेढी नाक्याच्या अलीकडे तुमच्या गाडीने त्यांना मागून उडवलं.

समोरच्या टपरीवर चहाचं आधण ठेवलेलं होतं. टपरीवाल्याने जे पाहिलं ते तो शपथेवर सांगायला तयार आहे. गाडी पुढे जाऊन थांबली. दार उघडलं. एक माणूस उतरला, मागे आला नाही. पुढे जाऊन त्याने वाकून बंपर पाहिला. मग दार लागलं आणि गाडी गेली. टपरीवाल्याने नंबर आधी हातावर लिहिला, मग १०८ ला फोन केला. रस्ताभर टोमॅटो पसरले होते आणि त्यावरून पुढच्या दोन गाड्या गेल्या.

ककांच्या उजव्या नडगीची दोन्ही हाडं मोडली. आत सळई घालावी लागली.

तिसऱ्या दिवशी तुम्ही वॉर्डात आलात. बरोबर दोन माणसं, एका पाकिटात बारा हजार रुपये आणि पन्नास रुपयांच्या स्टँपवर इंग्रजीत टाइप केलेला मजकूर. सायकलस्वार आपल्या चुकीने पडला, त्याला भरपाई मिळाली, त्याची कुणाविरुद्ध तक्रार नाही, पुढे कोणताही दावा करणार नाही, असा तो मजकूर. कका हिंदी वाचतात. इंग्रजी त्यांना येत नाही. पोलीस विचारायला आले तर 'गाडी दिसली नाही' एवढंच सांगायचं, हेही तुम्ही पढवून गेलात. संध्याकाळी हवालदार जबाब घ्यायला आला तेव्हा ककांनी तेवढंच सांगितलं. सळईचे पैसे त्याच दिवशी भरायचे होते.

मी त्याच दुपारी डबा घेऊन गेले होते. कका डाव्या हाताने उजवा अंगठा चादरीच्या टोकाला घासत होते. निळी शाई निघत नव्हती. मी विचारलं, सही का नाही केलीत? ते म्हणाले, साहेबांनी अंगठाच मागितला.

ज्या माणसाला तुम्ही अंगठा लावायला लावलात तो रोज लिहितो. आमच्या अकराही घरांत फ्रिजवर एकेक लहान वही आहे. तारीख, पालक दोन जुड्या, भाटा (वांगी) एक किलो, पताल (टोमॅटो) अर्धा किलो, रक्कम. सगळं त्यांच्या हातचं, खाली त्यांची सही, आणि महिनाअखेरीला हिशेब चुकता झाला की त्यावर आडवी रेघ. अठरा वर्षांत एका रुपयाची चूक निघालेली नाही. पाय तुमच्या गाडीने मोडला. तो अंगठा मात्र तुम्ही विचार करून घेतलात. त्या पायापेक्षा मला त्या अंगठ्याचा राग जास्त आहे.

तो हप्ता कुणाचा

तुम्ही पळालात कारण खिशाला खार लागेल असं तुम्हाला वाटलं. आता नीट वाचा.

१ जुलै १९४६ पासून या देशात त्रयस्थाचा विमा उतरवल्याशिवाय मोटार रस्त्यावर आणता येत नाही. आजच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ते कलम १४६ आहे. हजार ते दीड हजार सीसीच्या खासगी गाडीसाठी या विम्याचा दर जून २०२२ मध्ये वर्षाला ३,४१६ रुपये ठरला. सप्टेंबर २०१८ पासून नवी गाडी घेताना तीन वर्षांचा विमा एकदम घ्यावा लागतो. तुम्हीही तो घेतला असणार, नाहीतर गाडी शोरूमबाहेर आली नसती. त्या पॉलिसीवर 'थर्ड पार्टी' असे दोन शब्द आहेत. पहिला पक्ष तुम्ही, दुसरा विमा कंपनी. तिसरा पक्ष म्हणजे पहाटे डाव्या कडेने सायकल चालवणारे कका.

तो हप्ता तुमच्या काचेसाठी, बंपरसाठी नव्हता. तुमच्या हातून ज्याचं हाड मोडेल, त्याच्यासाठी कायद्याने तुमच्याकडून वर्षानुवर्षं भरून घेतलेला तो पैसा आहे. पॉलिसी चालू असेल आणि चालवणाऱ्याकडे परवाना असेल, तर न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई विमा कंपनी भरते. तुमच्या घरातला एक पैसाही त्यात जात नाही. तुम्हाला फक्त खरं सांगायचं होतं. ते न सांगून तुम्ही ककांच्या नावाने आधीच भरलेला पैसा अडवून धरला आहे. दुसऱ्याच्या हक्काचं दाबून ठेवणाऱ्याला आपल्या भाषेत काय म्हणतात, ते तुम्हाला माहीत आहे.

कायद्याचं कलम १३४ ही विनंती नाही. अपघात करणाऱ्या चालकाने जखमीला उपचार मिळवून द्यायचे. पोलिसांना खबर द्यायची. जागेवर पोलीस नसेल तर जास्तीत जास्त चोवीस तासांत जवळच्या ठाण्यात. आणि विमा कंपनीला पॉलिसी नंबर, तारीख, वेळ, ठिकाण, जखमी कोण, चालवत कोण होतं, हे सगळं लेखी कळवायचं. तीन कर्तव्यं आहेत आणि तुम्ही तिन्ही चुकवलीत. एवढ्यासाठीच कलम १८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. बेदरकार चालवून गंभीर दुखापत केल्याचा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खालचा गुन्हा वेगळा. त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

बारा हजार आणि सात लाख

तुम्ही ककांच्या पायाची किंमत बारा हजार केलीत. न्यायाधिकरणात हिशेब कसा होतो ते पाहा.

समजा ककांची कमाई महिन्याला बारा हजार धरली. वर्षाचे १,४४,०००. चाळीस ते पन्नास वयाच्या स्वतंत्र धंदेवाल्याच्या कमाईत पुढच्या वाढीपोटी २५ टक्के मिळवायचे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१७ मध्ये प्रणय सेठी प्रकरणात ठरवून दिलं. झाले १,८०,०००. पायामुळे कमाईची ताकद ३० टक्क्यांनी घटली असं न्यायाधिकरणाने मानलं, तर वर्षाचा तोटा ५४,०००. वय ४६ ते ५० साठी गुणक १३. तो २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यातला. गुणाकार होतो ७,०२,०००. यात शस्त्रक्रिया, औषधं, बुडालेले रोज, देखभालीला थांबलेल्या माणसाचा खर्च आणि सोसलेल्या वेदनांची भरपाई धरलेलीच नाही. त्यावर व्याज. नेमकी टक्केवारी न्यायाधिकरण ठरवील, पण तुमच्या पाकिटापासून ती रक्कम किती लांब आहे हे कळायला एवढं पुरे.

टक्केवारीबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण विमा कंपन्यांचे वकील तिथेच घासाघीस करतात. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात समजावून दिलं आहे की डॉक्टरी दाखल्यावरचं अपंगत्व आणि कमाईतली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गमावलेला सुतार किंवा ड्रायव्हर जवळजवळ पूर्ण कमाई गमावतो. तीच इजा झालेला सरकारी कारकून नोकरीत राहू शकतो. सायकलवरून दीडेक क्विंटल माल ओढणाऱ्या माणसाचा पाय आणि खुर्चीवर बसणाऱ्याचा पाय एका मापाने मोजता येत नाही. हे आम्ही न्यायाधिकरणात सांगणार आहोत.

कमाईचा पुरावा काय, असं तुमचा वकील विचारील. सायकलवर भाजी विकणाऱ्याकडे पगारपत्रक कुठलं, या भरवशावर असे दावे पाडले जातात. आमच्या अकरा वह्या आहेत. अठरा वर्षांच्या. अकरा घरांतल्या बाया त्या वह्या घेऊन साक्षीला उभ्या राहतील.

आणि तो स्टँप. त्या कागदाने तुम्ही सुटलात असं तुम्हाला वाटतं. वॉर्डातल्या खाटेवर, न समजणाऱ्या भाषेत, पैशांची नड असताना घेतलेल्या अंगठ्याने न्यायाधिकरणात जायचा हक्क संपत नाही. उलट त्या कागदावर तुमचं नाव आहे, तुमच्या गाडीचा नंबर आहे, अपघाताची तारीख आहे आणि बारा हजार दिल्याची कबुली आहे. गाडी तुमचीच होती, याचा सगळ्यात पक्का पुरावा तुम्हीच टाइप करून आणलात. त्याची प्रत ककांच्या उशाशी राहिली होती. आता ती आमच्याकडे आहे.

आमच्या मागण्या

१. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत ठाण्यात जाऊन खरा जबाब द्या. चालवायचा परवाना, आरसी आणि अपघाताच्या दिवशी लागू असलेली पॉलिसी, तिन्ही दाखवा.

२. त्या पहाटे गाडी कोण चालवत होतं, ते खरं सांगा. नोकरीवरच्या ड्रायव्हरला पुढे करू नका. आणि घरातलं अल्पवयीन मूल चालवत असेल तर ते लपवूही नका. त्यासाठी पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजारांचा दंड आहे, कलम १९९-अ. लपवण्याने तो गुन्हा पुसला जात नाही. त्याला दुसरा जोडला जातो.

३. विमा कंपनीला कलम १३४ प्रमाणे लेखी खबर द्या आणि तिची पोच ककांच्या घरी पाठवा.

४. गाडी गॅरेजमध्ये नेली असेल तर त्या कामाचं बिल पोलिसांना द्या. ते फाडू नका.

५. ककांच्या घरी पुन्हा माणसं पाठवू नका. गेल्या महिन्यात दोनदा पाठवलीत. तिसऱ्यांदा कुणी त्या दारात उभं राहिलं, तर साक्षीदाराला धमकावल्याची वेगळी तक्रार त्याच दिवशी होईल.

या मागण्यांत एक रुपयाही नाही, हे ध्यानात घ्या. आम्हाला तुमच्याकडून पाकीट नको आहे. 'पैसे द्या, तक्रार करत नाही' असला सौदा आम्ही मांडत नाही आणि तुम्ही मांडलात तर ऐकणार नाही. गुन्ह्याचं काय व्हायचं ते न्यायालय ठरवील, भरपाई किती ते न्यायाधिकरण. तुम्ही दोन्ही वाटा मोकळ्या करा.

पाडव्यानंतर

मुदत टळली तर काय होईल, तेही आधीच सांगते.

दुसऱ्याच दिवशी कका ठाण्यात आपला खरा जबाब देतील. टपरीवाला साक्ष देईल; मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून कायद्यात कलम १३४-अ आलेलं आहे, हे त्याला आम्ही समजावलं आहे. इतके दिवस तक्रार का केली नाही, असं विचारलं जाईल. एफआयआरला उशीर झाला एवढ्यावरून खरा दावा बुडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे, आणि उशीर का झाला हे तुमचा स्टँपच सांगेल. ठाण्याने टाळाटाळ केली तर वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे, तिथेही नाही झालं तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे.

त्याच आठवड्यात रायपूरच्या दावा न्यायाधिकरणात कलम १६६ खाली अर्ज दाखल होईल. चालक, मालक आणि विमा कंपनी, तिघांना नोटीस जाईल. पॉलिसी संपलेली निघाली, तर सगळी रक्कम तुमच्या अंगावर येईल. चालवणाऱ्याकडे परवाना नसेल, तर अनेक निकालांत न्यायालयांनी केलं आहे तसं कंपनी आधी ककांना पैसे देईल आणि मग तुमच्याकडून वसूल करील. ती रक्कम तुम्ही दिली नाहीत, तर कलम १७४ आहे: न्यायाधिकरण कलेक्टरला दाखला पाठवतं आणि शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखी वसुली होते.

कका आणि काकी, दोघांना हा मजकूर छत्तीसगढीत समजावून सांगितला आहे. त्यांच्या होकाराशिवाय यातला एक शब्दही छापलेला नाही. काकींनी एकच दुरुस्ती सांगितली. मी 'उपकार' असा शब्द लिहिला होता, तो त्यांनी काढायला लावला.

इतर मोटारमालकांना

हा इशारा एकट्या पांढऱ्या गाडीला नाही. आपल्यापैकी ज्यांच्या फाटकात गाडी उभी आहे, त्या सगळ्यांना आहे.

आपली सकाळ सायकलीवरून येते. दूध, पेपर, भाजी, धुणीभांडी करणारी बाई, उरला-सिलतराच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला निघालेला कामगार. छत्तीसगढ सरकार सरस्वती सायकल योजनेतून नववीत गेलेल्या पात्र मुलींना सायकली देतं. त्या मुली याच रस्त्यांवरून शाळेला जातात. मोठ्या गाडीच्या काचेतून हे सगळे 'मध्ये येणारे' वाटतात. ते मध्ये येत नाहीत. आपण त्यांच्यावरून जातो.

आणि सायकलवर कोण बसलं आहे, हे मागून येणाऱ्या गाडीला दिसत नाही. २८ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे नवी मुंबईत नेरूळजवळ पाम बीच मार्गावर अवतार सैनी सायकल चालवत होते. इंटेलच्या ३८६ आणि ४८६ प्रोसेसरांवर काम केलेला, इंटेल इंडियाचा प्रमुख राहिलेला, ६८ वर्षांचा माणूस. मागून टॅक्सीने धडक दिली. सायकल पुढच्या चाकांखाली अडकलेली असताना चालकाने गाडी पुढे काढायचा प्रयत्न केला, असं तेव्हा पोलिसांच्या हवाल्याने छापून आलं. सैनी वाचले नाहीत. त्यांच्यासाठी देशभरच्या पेपरांत मथळे आले. ककांसाठी स्थानिक पानावर एक ओळही आली नाही. रस्त्यावर मात्र दोघांच्या अंगाभोवती सारखंच होतं: दोन चाकं आणि एक पोकळ नळी. नेदरलँड्सच्या कायद्याने हे कधीच ओळखलं. तिथे मोटारीने सायकलस्वाराला धडक दिली की जबाबदारी मोटारवाल्याची धरूनच सुरुवात होते, आणि सायकलस्वार चौदा वर्षांच्या आतला असेल तर जवळजवळ नेहमीच पूर्ण भरपाई द्यावी लागते.

आजच पॉलिसी काढून तिची शेवटची तारीख पाहा. संपलेली असेल तर गाडी आजच थांबवा. आणि कधी तुमच्या हातून घडलंच, तर थांबा, मागे या, माणसाकडे पाहा. बंपर नंतर पाहता येतो.

सायकलवाल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना

हा भाग आपल्या घरी येणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्याला वाचून दाखवा. हिंदीत सांगा, छत्तीसगढीत सांगा, पण सांगा.

दवाखान्यात कोणत्याही कागदावर सही नको, अंगठा नको. पैसे देऊ केले तरी नको. इलाजाला पैसे नसतील तर रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्र सरकारची २०२५ ची बिनरोख उपचार योजना आहे. योजनेतल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत. ती विचारा, हक्काने विचारा.

मोडलेली सायकल भंगारात घालू नका, दुरुस्तही करू नका. रक्ताचे कपडे धुऊ नका. केस पेपर, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, औषधाची दोन रुपयांचीही पावती एका पिशवीत ठेवा. एमएलसी नंबर, म्हणजे रुग्णालयाने केलेल्या पोलीस प्रकरणाच्या नोंदीचा नंबर, लिहून घ्या. जवळच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून पहिल्याच दिवशी मागा.

'गाडी दिसली नाही' असं कधीही सांगू नका, नंबर दिसला असेल तर. हीच सगळ्यात मोठी फसवणूक आहे. गाडी अज्ञात ठरली की प्रकरण हिट अँड रनच्या योजनेत जातं, आणि तिथे गंभीर जखमीला ५०,००० आणि मृत्यू झाल्यास २ लाख, एवढंच ठरलेलं आहे. खरोखर गाडी कळलीच नाही तर ते पैसे जरूर घ्या. त्यासाठी अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदाराकडे करायचा असतो. पण गाडी माहीत असताना त्या वाटेने ढकलणारा माणूस तुमचा नाही.

गाडी माहीत असेल तर अपघात झाल्यापासून सहा महिन्यांत न्यायाधिकरणात अर्ज करा. २०१९ च्या दुरुस्तीने आलेली ही मुदत १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, आणि केवळ उशिरामुळे अर्ज फेटाळू नयेत असं न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये अंतरिम आदेशात सांगितलं. पण त्या आदेशाच्या भरवशावर घरी बसू नका. अंतिम निकाल काय येईल ते कुणाच्या हातात नाही. अर्ज अपघात झाला तिथे करता येतो, तसा तुम्ही राहता तिथेही करता येतो. गोंदियाचा माणूस रायपुरात जखमी झाला, तर त्याला प्रत्येक तारखेला रायपूर गाठायची गरज नाही.

वॉर्डात आणि कोर्टाच्या फाटकाशी दलाल भेटतील. 'तीस टक्के आमचे' म्हणतील आणि कोऱ्या वकीलपत्रावर सही मागतील. निकालातल्या रकमेचा वाटा फी म्हणून ठरवायला वकिलांना मनाई आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींना, अपंगांना आणि कमी उत्पन्नाच्या माणसांना फुकट वकील देतं. १५१०० या नंबरावर फोन करा.

शेवटचं

ककांची सायकल आमच्या पोर्चमध्ये उभी आहे. मागचं चाक आठच्या आकड्यासारखं वळलेलं, मडगार्डला तुमच्या गाडीचा पांढरा रंग लागलेला. पोलिसांनी जप्त करेपर्यंत तिला कुणी हात लावणार नाही. माझ्या वहीत डिसेंबरच्या त्या तारखेचं पान कोरं आहे. आदल्या दिवशीचे पंचेचाळीस रुपये द्यायचे राहिले होते. ते मी वॉर्डात नेऊन दिले. ककांनी वही मागवून घेतली, शाईच्या अंगठ्यानेच पेन धरलं, रक्कम लिहिली, सही केली आणि वर आडवी रेघ ओढली.

तुमचा हिशेब अजून उघडा आहे. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत तो तुम्ही आपल्या हाताने लिहू शकता. ठाणं चोवीस तास उघडं असतं.

अकरा घरांच्या वतीने